हॅवलॉकच्या पाण्याखाली सहा दिवस

अंदमानच्या हॅवलॉक बेटावरून परत येऊन दोन आठवडे झाले तरी डायव्हिंगचं लॉगबुक अजून टेबलावर उघडंच पडलंय. रोज कोणीतरी विचारतं काय काय बघितलं, मी सांगायला घेते आणि दर वेळी गाडी एकाच जागी येऊन थांबते, निमो रीफ या प्रवाळखडकावरच्या एका दगडापाशी. म्हणून म्हटलं एकदा दिवसवार नीट लिहूनच काढू, ज्यांना जायचंय त्यांना उपयोगही होईल.

थोडं आधीचं सांगते. मी ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स, चार वर्षांपूर्वी तारकर्लीला केला, भाचीने मागच्या वर्षी केला. ओपन वॉटरवर १८ मीटरपर्यंतच जाता येतं, अ‍ॅडव्हान्स्ड केलं की ३० मीटर. ते आम्हाला दोघींना करायचं होतं आणि ते अंदमानलाच करायचं हे तिने परस्पर ठरवून टाकलेलं. तिची परीक्षा संपली, मला सुट्टी मिळाली, फेब्रुवारीचा शेवट गाठून निघालो. इथला डायव्हिंगचा सीझन साधारण ऑक्टोबर ते मे, त्यातही जानेवारी ते एप्रिल पाणी सगळ्यात स्वच्छ असतं.

दिवस १

पोर्ट ब्लेअर (आता अधिकृत नाव श्री विजयपुरम, पण आम्हाला भेटलेले सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणत होते) इथे आदल्या दिवशी पोचून सेल्युलर जेल बघितलं. त्यावर इथे लिहीत नाही, ते दोन ओळीत उरकायचं कामच नाही. सकाळच्या फेरीबोटीने दोन तासांत हॅवलॉक. याचंही नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, तिकिटावर तेच छापलेलं असतं, बुकिंग करताना गोंधळू नका.

बेटावर किनाऱ्यांना नंबर आहेत, बीच नंबर २, ३, ५, ७ असे, आणि गावांची नावं मात्र गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. नंबर आणि कृष्णाची नावं शेजारी शेजारी कशी याचं उत्तर आम्हाला संध्याकाळी जेवताना मिळालं. आम्ही पाच नंबरला म्हणजे विजयनगरला राहिलो होतो, तिथून चालत पाच मिनिटांवर एक बंगाली बाई घराच्या ओट्यावरच जेवण देतात. चार टेबलं, भात, मसूर डाळ, आलू भाजा आणि त्या दिवशी जो मासा मिळाला असेल तो. सगळे त्यांना माशी म्हणतात, बंगालीत मावशीला माशी म्हणतात. त्यांच्या सासऱ्यांचं कुटुंब पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून १९५०च्या दशकात इथे आलं, सरकारने जमीन दिली, जंगल साफ करून भात लावला आणि वस्त्यांना आपल्या देवाची नावं ठेवली. माशी हे सांगत होत्या तेव्हा वाढायचं काही थांबलं नव्हतं, नको म्हटलं तरी पानात भात पडतच होता.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. अंदमान देशाच्या इतकं पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचला सूर्य मावळतो आणि सहाला काळोख होतो. सकाळी मात्र साडेपाचलाच उजाडायला लागतं. डायव्हिंगच्या बोटी म्हणूनच सकाळी लवकर निघतात, तुमचा अख्खा दिवस तासभर अलीकडे सरकलाय असं समजून चाला.

दिवस २ : निमो रीफ

बऱ्याच दिवसांनी पाण्यात उतरत असाल तर आधी उथळ जागी उजळणी करून घ्यावी लागते. ती निमो रीफवर, बीच नंबर २ च्या किनाऱ्यावरून चालतच आत जायचं. पाठीवर सिलिंडर, कंबरेला वजनं, एकमेकींचं सामान तपासलं, हवा चालू, बकल घट्ट, पाठीमागून मग इन्स्ट्रक्टरने परत तपासलं. आमचा इन्स्ट्रक्टर पंचविशीतला करेन मुलगा. करेन लोक मूळ बर्माचे, ब्रिटिशांनी १९२५ साली त्यांना मध्य अंदमानात मायाबंदरजवळ आणून वसवलं. तो आमच्याशी हिंदीतच बोलायचा, मला दीदी म्हणायचा, आणि पाण्यावर असताना मोजकं बोलायचा. पाण्याखाली गेला की मात्र त्याच्या हातांना बोलायचं किती असायचं!

चार मीटरवर गुडघ्यावर वाळूत बसून मास्कमध्ये पाणी घेऊन नाकाने फुंकून काढणं, तोंडातलं हवा देणारं रेग्युलेटर काढून परत लावणं, सगळं झालं. मग पोहायला लागलो. पाणी २८ अंश, स्वच्छ, मालवणला तीनचार मीटर दिसलं तरी आम्ही खूश व्हायचो, इथे पंधरा मीटर लांबचा खडकसुद्धा दिसत होता. आणि मी काय केलं, तर सगळं बघून घ्यायचं म्हणून झपाझप पुढे गेले. पोपटमासे, फुलपाखरू मासे, समुद्रकाकडी, निळ्या ठिपक्यांचं पाखट, एकामागून एक मोजत. इन्स्ट्रक्टरने मागून येऊन माझ्या पायातल्या फिनला हलकेच हात लावला आणि तळहात खाली दाबल्यासारखी खूण केली. हळू.

मग तो आम्हाला एका खडकापाशी घेऊन गेला. सहा मीटरवर. खडकावर पांढुरकं जांभळट समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन), त्याच्या बोटांत क्लाऊनफिशचं कुटुंब. केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे. एक मोठी, एक तिच्याहून लहान, आणि दोन अगदी चिमुकले. समुद्रफुलाच्या बोटांना डंख असतात, दुसरा मासा शिवला तर अडकतो, पण क्लाऊनफिशच्या अंगावर असा बुळबुळीत थर असतो की त्यांना काही होत नाही. एवढं मला माहीत होतं. फोटो काढायचा आणि पुढे जायचं म्हणून मी वळले तर इन्स्ट्रक्टर तिथेच वाळूवर पोटावर आडवा तरंगत राहिलेला. बोट दाखवत होता फुलाच्या मुळाशी. तिथे दगडावर तळहाताएवढा केशरी डाग होता. मला तो शेवाळाचा किंवा स्पंजचा वाटला. त्याने स्लेट काढून पेन्सिलीने लिहिलं, ‘अंडे’.

नीट बघितलं तेव्हा कळलं, तांदळाच्या दाण्याहून बारीक शेकडो केशरी दाणे, एका टोकाने दगडाला चिकटलेले, पाण्याबरोबर सगळे एकदम डावीकडे झुकायचे, सगळे एकदम उजवीकडे. दोन मोठ्यांतला लहान मासा परत परत येऊन त्यांच्यावर पंखांनी वारा घालत होता. तोंडाने एकेक दाणा चाचपून बघत होता.

बाहेर आल्यावर त्याने सांगितलं ते ऐकून भाची जेवायची विसरली. तो वारा घालणारा नर. मोठी ती मादी. क्लाऊनफिशमध्ये सगळी पिल्लं नर म्हणूनच जन्माला येतात, कुटुंबातला सगळ्यात मोठा तेवढा मादी होतो. ती मेली तर नराचीच मादी होते आणि त्याच्याखालचा वाढून नर होतो. अंड्यांची राखण मुख्यतः बापाची, खराब झालेली अंडी वेचून काढायची, बाकीच्यांना ताजं पाणी मिळत राहील असं बघायचं. केशरी म्हणजे अंडी एकदोन दिवसांचीच असणार. साधारण आठवड्याभरात फुटतात.

“मावशी, आपण शेवटच्या दिवशी परत इथेच यायचं,” भाची म्हणाली. मी म्हटलं अगं शेवटच्या दिवशी एखादी लांबची साइट करू, पैसे भरलेत. तिने ऐकलं नाही हे बरंच झालं.

दुपारी त्याच रीफवर एक गोष्ट बघून फार वाईट वाटलं ते लिहायलाच हवं. दुसऱ्या एका ग्रुपचा गाईड पर्यटकांना फोटोसाठी चक्क कोरलवर, म्हणजे प्रवाळावर उभं करत होता. कोरल म्हणजे दगड नाही, तो लाखो लहान जिवांनी मिळून बांधलेला असतो, त्यातल्या फांद्यांच्या जाती वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात आणि गोळ्यासारख्या जाती तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. एका पावलाखाली कित्येक वर्षं जातात. निमो रीफवर आधीच बरंचसं कोरल मेलेलं आहे, मोडक्या फांद्यांचे ढीग, त्यावर शेवाळ. एप्रिल-मे २०१० मध्ये समुद्राचं पाणी खूप तापलं आणि अंदमानभर कोरल पांढरं पडलं, त्यानंतर २०१६ ला परत. कोरलच्या पेशींत बारीक शैवाल राहतं, तेच त्याला रंग देतं आणि अन्नही देतं, पाणी काही आठवडे नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जरी जास्त तापलं तरी ते शैवाल निघून जातं आणि मागे पांढरा सांगाडा दिसतो. पाणी लवकर थंड झालं तर परत रंग धरतो, नाही तर उपाशी मरतो. जे यातून वाचलंय त्यावर आपण पाय ठेवून फोटो काढायचा? बुकिंग करताना सरळ विचारा, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण असतात, कोरलला हात लावू देता का. उत्तरावरून कळतं.

दिवस ३ : द वॉल

जेट्टीपासून बोटीने अगदी जवळ. पाण्याखाली एक लांबलचक खडक, वरचं टोक दहाएक मीटरवर आणि एका बाजूने पार ५० मीटरच्या खाली उतरलेला. आमचं काम १८ ते २० मीटरवर होतं, तोल साधण्याचं. श्वास घेतला की अंग जरा वर येतं, सोडला की खाली, हे जमलं की हातपाय न हलवता एका जागी तरंगता येतं आणि मग मासे तुम्हाला मोजतच नाहीत, आपापली कामं करत राहतात.

पण त्याआधी माझा उजवा कान अडला. चार मीटरवर जी कळ गेली! दर दहा मीटरला दाब वरच्या हवेच्या दाबाइतका वाढतो, म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच तो दुप्पट होतो आणि कानातल्या हवेच्या आकारात सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो, त्यामुळे कान तिथेच त्रास देतात. खूण केली, मीटरभर वर आले, गिळलं, नाक दाबून अगदी हलकं फुंकलं, मान डावीकडे कलती केली, परत खाली, परत कळ. पाच मिनिटं गेली असतील. भाची आणि इन्स्ट्रक्टर दोघं दोरीला धरून माझ्या उंचीवर थांबून राहिले. शेवटी बारीक ‘किर्र’ झालं आणि कान मोकळा. ज्यांचा असा कान अडतो त्यांना सांगते, दुखायच्या आधीच फुंकायला लागा, दर अर्ध्या मीटरला, आणि जोर कधीच लावू नका. सर्दी असेल तर डाइव्ह सोडून द्या. औषध घेऊन उतरलात आणि खाली त्याचा असर संपला तर वर येताना अडकायला होतं.

वॉलवर निळ्या रेघांचे पिवळे स्नॅपर इतके होते की त्यांच्यामागचा खडक दिसत नव्हता. इन्स्ट्रक्टरने भाचीच्या लाल स्विमसूटकडे बोट दाखवलं, तो तिथे मातकट तपकिरी झाला होता. पाण्यात लाल रंग आधी शोषला जातो, मग नारिंगी, मग पिवळा. त्याने टॉर्च लावला आणि ज्याला मी करडा खडक समजत होते तो भडक लाल, जांभळा, शेंदरी, मऊ कोरलने भरलेला निघाला. टॉर्च बंद, परत करडा. हे रंग तिथे कायम असतात आणि दिवसा कोणाला दिसतही नाहीत.

दिवस ४ : डिक्सन्स पिनॅकल

बोटीने तासाभराच्या वर. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, लागायला लागल्यावर घेऊन काही होत नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, माशींनी आम्हाला पहाटे पाचला केळी आणि मुरमुरे बांधून दिले होते त्यावर दोघींचं निभावलं.

चारी बाजूंना नुसतं पाणी, बेट लांब रेघेएवढं, आणि बोटवाला एका जागी इंजिन बंद करतो. खाली तीन सुळके आहेत, सगळ्यात उंच सुळक्याचा माथा १८ मीटरवर. म्हणजे उडी मारल्यावर पहिले कित्येक मीटर खाली काही नाही, फक्त निळं. दोरी धरून उतरताना भाचीने माझा हात पकडला आणि मी तिचा, कोणी आधी पकडला आठवत नाही. मग खालून हळूहळू अंधारासारखं काहीतरी वर आलं आणि तो डोंगर निघाला.

सुळक्याभोवती बॅटफिश, ताटाएवढे, चपटे, आमच्याकडे बघत बघत बरोबरीने चालले होते. वर बॅराकुडांचा थवा गोल फिरत होता. एका घळीत हॉक्सबिल कासव खडकाच्या फटीत चोच घालून स्पंज ओरबाडून खात होतं, इतकं मन लावून की तुकडे उडत होते आणि ते उडालेले तुकडे टिपायला मागे दोन एंजलफिश थांबलेले. आम्ही त्याच्यापासून तीन मीटर अंतरावर होतो, त्याने एकदा डोळा वळवला आणि परत खायला लागलं.

इथे टायटन ट्रिगरफिशने वाळूत घरटं केलेलं. हा मासा हातभर लांब, दात भक्कम आणि घरट्यावर असला की चावायला धावतो. त्याचा इलाका घरट्यापासून वर फनेलसारखा रुंद होत जातो, त्यामुळे घाबरून वर पळालात तर तुम्ही त्याच्या हद्दीतच राहता. आडवं निघून जायचं, फिन त्याच्या दिशेला ठेवून. उतरण्याआधीच्या ब्रीफिंगमध्ये हे सांगितलं होतं म्हणून आम्ही वाचलो, एका मुलाच्या फिनचा तुकडा मात्र त्याने घेतलाच. ब्रीफिंग ऐका, सगळं.

वर यायच्या आधी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, सेफ्टी स्टॉप, म्हणजे खोलवर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळू बाहेर पडतो. ती तीन मिनिटं मला फार आवडतात. खाली सुळका परत निळा होत जाताना दिसतो.

दिवस ५ : वारा, आणि रात्र

सकाळी पूर्वेचा वारा सुटला, बोटी रद्द. आमच्या किनाऱ्यावर समुद्र फेसाळलेला आणि बेटाच्या पश्चिमेला राधानगरला गेलो तर पाणी आरशासारखं. सात नंबरचा बीच तो हाच, २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम म्हटलेला. मागे पुराण्या उंच झाडांचं जंगल थेट वाळूपर्यंत येतं. समुद्रात पोहणारा राजन हत्ती याच बेटावरचा, लाकूडतोडीच्या कामासाठी आणलेला, काम बंद झाल्यावर इथेच राहिला आणि २०१६ मध्ये गेला. चहाच्या टपरीवरच्या आजोबांनी तो कुठून पाण्यात उतरायचा ती जागा काठीने दाखवली. ‘सोंड वर धरून जायचा,’ म्हणाले, आणि स्वतःचा हात वर धरून दाखवला, आणि हात बराच वेळ तसाच ठेवला.

पोहायचं तर जीवरक्षक सांगतील तिथेच. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाटी लावलेली असते ती शोभेची नाही.

दुपारी वारा पडला आणि इन्स्ट्रक्टरचा फोन आला, रात्रीची डाइव्ह करू. साडेपाचला लाइटहाऊस साइटवर पोचलो, अंधार होताना उतरलो. जास्तीत जास्त बारा मीटर. मनात धाकधूक होती ते खरं, टॉर्चच्या उजेडाबाहेर काहीच नसतं. पण त्यामुळेच नजर त्या एका गोल उजेडात राहते आणि घाई करताच येत नाही. दिवसा बंद असलेलं कोरल रात्री उघडतं, प्रत्येक भोकातून बारीक बोटं बाहेर आलेली, अन्न पकडायला. कपारीत पोपटमासा झोपलेला, स्वतःच्याच तोंडातून काढलेल्या पारदर्शक पिशवीत गुंडाळून. त्यावर उजेड धरू नका, जागा होऊन पिशवी फाडून पळतो आणि मग रात्रभर उघडा राहतो. एक ऑक्टोपस वाळूवरून चालत आला, खडकावर चढताना त्याचा रंग बदललाच पण कातडीवर खडकासारखी खरबरीत टोकं पण उभी राहिली. डोळ्यादेखत मऊ जिवाचा दगड झाला.

शेवटी वाळूवर बसून टॉर्च छातीशी दाबून विझवल्यासारखे केले. अमावस्या दोन दिवसांवर होती. हात हलवला तर बोटांतून हिरव्यानिळ्या ठिणग्या निघाल्या. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले की चमकतात. भाचीने दोन्ही हात पसरून गोल फिरवले आणि तिच्याभोवती ठिणग्यांचं कडं झालं, तिचं अंग दिसत नव्हतं, फक्त कडं.

दिवस ६ : जॉनीज गॉर्ज

ही साइट जॉनी नावाच्या इथल्याच करेन डायव्हरच्या नावाने ओळखली जाते, आमच्या इन्स्ट्रक्टरला त्याचा अभिमान आहे हे नाव उच्चारताना कळत होतं. जवळपास २८ मीटरवर मोठमोठे खडक आणि मध्ये वाळूचे पट्टे. ३० मीटरवर दाब चौपट होतो, प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा चौपट हवा लागते, त्यामुळे सिलिंडर बघता बघता उतरतो आणि तळाशी मिळतात जेमतेम पंधरावीस मिनिटं. अमावस्या जवळ आल्याने प्रवाह जोरात होता, दोरीवर आम्ही झेंड्यासारखे आडवे झालो होतो. खडकाच्या आडोशाला पोचल्यावर शांत.

आणि तिथे वाळूवर मोरी होती.

माझं आजोळ मालवणचं, तिथे शार्कला मोरी म्हणतात. मोरी मी लहानपणापासून बघितलेली, बाजारात फळीवर, तुकडे केलेली, आजीच्या हातची मोरीची आमटी मला अजून चवीने आठवते. जिवंत मोरी पहिल्यांदा बघितली ती इथे, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. व्हाइटटिप रीफ शार्क, दीड मीटरची, पाठीवरच्या परावर पांढरं टोक. काही मोऱ्यांना श्वासासाठी पोहत राहावं लागतं, ही वाळूवर पडून कल्ल्यातून पाणी खेचू शकते. तिच्या कल्ल्यांच्या पाच फटी उघडत होत्या, मिटत होत्या. डोळा मांजरासारखा उभा. मी किती वेळ बघत होते मला माहीत नाही, इन्स्ट्रक्टरने हवेचं गेज दाखवायला सांगितलं तेव्हा भानावर आले. ती उठली, शेपटीचा एकच हलका झोल दिला आणि निळ्यात गेली. मागे वाळूत तिच्या अंगाचा ठसा राहिला होता, प्रवाहाने तो हळूहळू भरत गेला.

बोटीवर भाचीने विचारलं, “मावशी, रडलीस का गं?” मास्क काढल्यावर सगळ्यांचेच डोळे लाल असतात. पण हो, रडले होते.

दिवस ७ : परत निमो रीफ

शेवटची डाइव्ह. विमानाआधी निदान १८ तास पाण्याबाहेर राहावं लागतं, विमानातल्या कमी दाबाने रक्तातला नायट्रोजन बुडबुड्यांसारखा सुटू शकतो, म्हणून आम्ही आठवा दिवस मोकळा ठेवून नवव्या दिवसाचं तिकीट काढलं होतं. तुम्हीही असंच करा, फेरी रद्द झाली तरी हाताशी दिवस राहतो. आणखी दोनचार गोष्टी इथेच सांगून टाकते. रोख पैसे बरोबर ठेवा, एटीएमच्या भरवशावर जाऊ नका. मास्क स्वतःचा घ्या, चेहऱ्याला नीट बसलेला मास्क असेल तर अर्धी भीती जाते. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट शर्ट) घाला, बऱ्याच सनस्क्रीनमधली रसायनं कोरलला बाधतात. दमा, फिट्स, कानाचं ऑपरेशन असं काही असेल तर डॉक्टरांचं पत्र इथूनच घेऊन जा. आणि किनाऱ्यावरचा कोरलचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, मेलेला असला तरी. कोरल वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्याच यादीत.

तर निमो रीफ. मी इन्स्ट्रक्टरला आधीच सांगितलं होतं, आज दुसरं काही नको, फक्त तो दगड. पंचेचाळीस मिनिटं सहा मीटरवर एकाच दगडासमोर. पहिल्या दिवशी याच जागी मला चार मासे दिसले होते. आज समुद्रफुलाच्या बोटांत काचेसारखी कोळंबी दिसली, आरपार, अंगावर जांभळे ठिपके. दगडाच्या कडेला सफाई करणारा रास (wrasse) नावाचा छोटा निळा मासा, त्याच्यासमोर एक गोब्रा मासा तोंड आणि कल्ले उघडून उभा, रास आत शिरून दात साफ करून बाहेर. त्याच्यामागे दुसरा मासा रांगेत. हे सगळं सहा दिवस चालूच असणार, मी शेजारून झपाझप गेले होते.

आणि अंडी. केशरी रंग पार गेला होता. डाग आता चांदीसारखा चमकत होता. जवळ गेल्यावर कळलं ती चमक डोळ्यांची आहे. प्रत्येक दाण्यात दोन डोळे, काळे, भोवती रुपेरी कडा, शेकडो जोड्या, सगळ्या बाहेर बघणाऱ्या. बाप अजून वारा घालत होता, पहिल्या दिवसापेक्षा जास्त जोरात, जरा थांबून, परत. माझा हात दगडापासून हातभर लांब होता तरी तो आला आणि माझ्या बोटाला एक ढुशी दिली. मी हात मागे घेतला. तो परत कामाला लागला.

इन्स्ट्रक्टरने स्लेटवर लिहिलं, ‘आज या कल रात’.

संध्याकाळी माशींकडे जेवलो, निघताना त्यांनी भाचीच्या हातात खोबऱ्याच्या नाडूंचा डबा दिला, आमच्याकडच्या लाडवांसारखेच फक्त गुळाचा वास वेगळा. खोलीवर सामान बांधून झालं पण झोप येईना म्हणून दोघी बॅटरी घेऊन चालत पाण्याकडे गेलो. विजयनगरला ओहोटीला पाणी खूप लांब जातं, त्या वेळी भरती चढत होती, समुद्री महुआच्या मुळांपर्यंत आलेली. चंद्र नव्हता. क्लाऊनफिशची अंडी अंधार पडल्यावरच फुटतात, उजेडात फुटली तर खाणारे फार. पिल्लं तशीच वर येतात, प्रवाहाबरोबर मोकळ्या समुद्रात जातात, दहाबारा दिवस तिथे वाहत राहतात आणि मग रीफचा वास घेत खाली एखादं समुद्रफूल शोधायला येतात.

भाचीने बॅटरी बंद केली. “आत्ता निघत असतील का गं?”

“असतील,” मी म्हटलं. निमो रीफ तिथून बरीच लांब आहे, पाणी मात्र तेच. लाट आली की कडेला दोनचार ठिणग्या चमकायच्या आणि विझायच्या. बराच वेळ आम्ही तिथेच उभ्या होतो, पाणी घोट्यापर्यंत आलं तेव्हा एकेक पाऊल मागे घेत घेत.